सेक्टरातले कप्तान

नवी मुंबईत खाडीकाठच्या प्रत्येक सेक्टरात एक तरी कप्तान सापडतो. खऱ्या जहाजावरचे नव्हेत. ते निवृत्त झाले की गावी कलमं लावतात आणि पाण्याचं नाव काढत नाहीत. हे कप्तान कुठल्याशा कंपनीत परचेस मॅनेजर असतात आणि त्यांच्याकडे सेकंडहँड मोटरबोट असते. बोट ताडपत्रीखाली, ट्रेलरवर, त्यांच्या पार्किंगमध्ये. म्हणून गाडी पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये आणि पाहुणे रस्त्यावर. कोळ्यांना 1 जून ते 31 जुलै समुद्र बंद असतो. कप्तानांना उरलेले दहा महिनेही काही ना काही निघतं. कधी बॅटरी उतरते, कधी मुलाची बोर्डाची परीक्षा येते.

आमच्या कप्तानांच्या बोटीला स्टर्नड्राइव्ह आहे. म्हणजे इंजिन बोटीच्या पोटात आणि पंखा फिरवणारा पाय मागे बाहेर लटकलेला. ही रचना व्होल्व्हो पेंटाने 1959 मध्ये बाजारात आणली. हे मला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं, पण आमची लिफ्ट हळू चालते. त्या पायाच्या तळाशी, पंख्याखाली, माशाच्या परासारखं अ‍ॅल्युमिनियमचं पातं असतं, ते स्केग. खाली काही आपटलं तर पहिला मार त्याने खायचा, पंखा वाचवायचा आणि एरवी बोट सरळ धरायची. गेल्या हिवाळ्यात या स्केगचा चार बोटं तुकडा उडाला.

कप्तानांच्या म्हणण्याप्रमाणे हे घारापुरीच्या मागे, सुकतीच्या वेळी घडलं. आधी तो नुसता खडक होता, होळीपर्यंत त्याचा बुडालेल्या जहाजाचा सांगाडा झाला. वॉचमनचं म्हणणं वेगळं. ट्रेलर बाहेर काढताना ड्राइव्ह वर उचलायचा राहिला आणि गेटवरच्या गतिरोधकाने स्केग घेतला. गतिरोधकावर ओरखडा अजून आहे. सोसायटीने त्याचं बिल लावलेलं नाही, हा चेअरमनचा मोठेपणा.

दिवाळे गावातल्या एका तांडेलाने तुटकी कड अंगठ्याने चाचपली. "शेठ, दगडावर गेली असती तर पंखा पन गेला असता," एवढंच तो म्हणाला. कप्तानांनी घाईघाईने फोनवरचा भरतीचा तक्ता पुढे केला. "तिथीची पाऊणपट करा ना, फोन कनाला?" अष्टमी असेल तर भरती सहाच्या सुमारास. हा हिशोब त्याला शाळेच्या आधी आला असावा.

दुरुस्तीसाठी अर्थातच तीन कोटेशनं मागवली गेली. खालचा अख्खा सांगाडा नवा घ्यायचा, तर त्या पैशांत आणखी एक जुनी बोट आली असती. दुसरा उपाय तुटक्या पात्यावर स्टीलचा जोडा चढवायचा. पण खाऱ्या पाण्यात स्टील आणि अ‍ॅल्युमिनियम अंगाला अंग लावून राहिलं की झिजतं अ‍ॅल्युमिनियम. उरलं आर्गन वेल्डिंग. तुर्भ्याच्या एमआयडीसीत गाड्यांची अलॉय चाकं सांधणारा एक सातारकर आहे. कप्तान पाय सुटा करून, टेम्पोत घालून त्याच्याकडे गेले. मला बॅटरी धरायला नेलं होतं.

"ऑइल काढलंय का?" हा त्याचा पहिला प्रश्न. नव्हतं काढलं. काढलं तर दुधाळ निघालं. म्हणजे सील गेलेलं, आत पाणी शिरलेलं, आणि तेही या अपघाताच्या कितीतरी आधीपासून. विकणाऱ्याने ही बोट "फक्त रविवारी वापरलेली" म्हणून दिली होती. कप्तान गप्प झाले. सातारकराने कड घासून चकचकीत केली, लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा साचा कापला, त्यावरून पत्रा कापला, सीलच्या बाजूला ओलं फडकं गुंडाळलं आणि थोडं थोडं, थांबत थांबत सांधायला घेतलं. लोखंड लाल होऊन सांगतं की आता वितळतंय. अ‍ॅल्युमिनियम काही सांगत नाही, एकदम गळतं. हे कप्तानांनीही वाचलं होतं आणि ते त्याला समजावू लागले. "साहेब, तुम्ही तिकडं चहा घ्या," तो काच खाली ओढत म्हणाला.

काम सुरेख झालं. सांधा शोधून सापडेना. पण रंग देणं कप्तानांनी स्वतःकडे ठेवलं होतं. त्यांनी ड्राइव्ह वरपासून खालपर्यंत काळा केला, त्यावरची जस्ताची वडीसुद्धा. त्या जस्ताने स्वतः झिजायचं असतं, तेव्हा ड्राइव्ह वाचतो. रंग चढला की त्याची नोकरी संपली. दिवाळ्याच्या तांडेलाने खिशातला चाकू काढून वडीवरचा रंग खरवडला आणि "शेठ" एवढाही शब्द काढला नाही.

तेव्हा तुम्हाला कुणी सेकंडहँड बोट दाखवलीच, तर आधी खाली वाकून स्केग बघा. मग गिअरचं ऑइल थोडं काढून त्याचा रंग बघा. मालकाच्या गोष्टी शेवटी ऐका. आमच्या कप्तानांची विकायला आहे. त्यांनी मोठी बघून ठेवली आहे.