मांडी नावाची सुरक्षायंत्रणा

आपल्या गाडीत कोण कुठे बसणार हे उंची, वजन किंवा वय पाहून ठरत नाही, मान पाहून ठरतं. पुढची डावी सीट आजोबांची. ते नसतील तर जावईबापूंची आणि तेही नसतील तर मुलाच्या आईची. मागच्या दोन्ही खिडक्या ज्यांना गाडी लागते त्यांच्या. मधली जागा, जिथे पायाखाली उंचवटा येतो, ती ज्याला तक्रार करण्याची सोय नाही त्याची. उरतं घरातलं सर्वांत लाडकं माणूस, म्हणजे चार-पाच वर्षांचं पोर. त्याला स्वतंत्र सीट देणं म्हणजे त्याला परकं करणं. म्हणून ते मांडीवर, आणि मांडीही पुढच्या सीटवरची, काचेपासून हातभर अंतरावर, कारण तिथून ‘त्याला सगळं छान दिसतं’. कंटाळलं की थोडा वेळ बाबांच्या मांडीवर, स्टिअरिंगला हात लावून. गाडीला सनरूफ असेल तर छपरातून कमरेपर्यंत बाहेर, विजयी उमेदवारासारखं. लाड जितके जास्त, तितकं मूल काचेच्या जवळ, असं या बैठकव्यवस्थेचं साधं सूत्र आहे. एक्सप्रेस-वेवर टोल नाक्याच्या रांगेत थांबून शेजारच्या गाड्यांमध्ये डोकावलं की ते सहज पडताळता येतं.

या व्यवस्थेत बूस्टर सीट नावाची वस्तू शिरली की घोटाळा होतो, कारण ती कुणाचा मान पाहत नाही, थेट उंची विचारते. वस्तू तशी बिनमहत्त्वाची दिसते. जाड, टणक पाट म्हणावा अशी बैठक, दोन्ही बाजूंना पट्टा अडकवायला खाचा किंवा हात, आणि चांगल्या प्रकारात पाठ व डोक्याला आधार. तिला स्वतःचे पट्टे नसतात. मुलाला थोडं उंच बसवायचं, म्हणजे गाडीचा मूळ सीटबेल्ट त्याच्या अंगावर जिथे पडायला हवा तिथे पडतो, एवढंच तिचं काम. आज आपण वापरतो तो तीन टोकांचा पट्टा व्होल्वोच्या निल्स बोलिन या अभियंत्यानं 1959 साली आणला, तो प्रौढ माणसासाठी. त्याचा खालचा भाग खुब्याच्या मजबूत हाडांवर आणि वरचा भाग छातीच्या मधोमध व खांद्यावर टेकतो. अपघाताचा जोर शरीरातल्या सर्वांत दणकट हाडांनी झेलावा, ही त्यामागची युक्ती. पाच वर्षांच्या मुलाला ही हाडं नीट आलेलीच नसतात. त्याच्या बाबतीत खालचा पट्टा सरकून ओटीपोटावर चढतो आणि वरचा गळ्याला काचतो. गळ्याला काचतो म्हणून मूल तो काखेखाली किंवा पाठीमागे टाकतं, आणि मोठी माणसं ‘असू दे, लावलाय ना’ म्हणून समाधान मानतात. मग करकचून ब्रेक लागला की पोट पट्ट्यात आणि डोकं पुढे. आतडी आणि पाठीचा कणा यांना अशी जी दुखापत होते तिला डॉक्टरांनी 1960च्या दशकातच ‘सीटबेल्ट सिंड्रोम’ असं नाव देऊन ठेवलं आहे. त्यावरचा उपाय म्हणून मुलाला उंच करणारी पहिली उशीवजा बैठक व्होल्वोनंच 1978 साली बाजारात आणली. म्हणजे बूस्टर हे कालच्या ऑनलाइन सेलमधलं खूळ नव्हे, ते आजच्या बऱ्याच आईबाबांपेक्षा वयानं मोठं आहे. उपयोगाबद्दलही फारसा वाद उरलेला नाही. चार ते आठ वर्षांच्या मुलांवर अमेरिकेत झालेल्या अभ्यासात, नुसता पट्टा लावलेल्यांच्या तुलनेत बूस्टरवर बसलेल्यांना दुखापतीचा धोका 45 टक्क्यांनी कमी आढळला.

यावर पहिला आक्षेप मांडीच्या बाजूनं येतो, आणि तो भावनेचा असल्यामुळे त्याच्याशी बोलताना जपून बोलावं लागतं. आईनं घट्ट धरलेलं मूल सुटेलच कसं? तर शाळेतलं भौतिकशास्त्र सांगतं की सुटतं. ताशी 50 किलोमीटर वेगानं चाललेली गाडी आदळणं म्हणजे सुमारे पावणेदहा मीटरवरून, साधारण तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडणं. आदळताना गाडीचा पुढचा भाग चेपून ती अर्ध्या मीटरात थांबली असं धरलं, तर आतल्या प्रत्येकाला आपलं वजन जवळजवळ वीसपट भासतं. वीस किलोचं पोर त्या क्षणी चारशे किलोचं होतं. चारशे किलो हातात धरून ठेवणारी आई अजून जन्माला यायची आहे. आणि आईनंही पट्टा लावलेला नसेल तर आईच मुलावर आदळते आणि डॅशबोर्डआधी मूल हीच तिची एअरबॅग ठरते. खऱ्या एअरबॅगचं सांगायचं तर ती डोळ्याची पापणी लवण्याआधी फुगते, पण पट्टा लावून मागे रेलून बसलेल्या प्रौढासाठी. तिच्या आणि मांडीच्या मधे मूल आलं तर ती मुलाला वाचवत नाही, मारते. अमेरिकेत 1990च्या दशकात पुढच्या सीटवरची कित्येक मुलं अशी गेली, म्हणून तिथे मुलांना मागे बसवण्याचा धोशा सुरू झाला. आपल्याकडे ‘सहा एअरबॅग’ हे अजून मुलाला पुढे बसवण्याचं समर्थन म्हणून वापरलं जातं.

दुसरा आक्षेप इतिहासाचा: ‘आम्ही काय असेच वाढलो नाही?’ वाढलात, अभिनंदन. पण हा प्रश्न विचारायला जे उरले तेच विचारतात, हा या पुराव्यातला लहानसा दोष आहे. शिवाय ज्या काळात असे वाढलात त्या काळी फियाट पद्मिनी खंडाळ्याचा घाट चढताना तापून थांबायची आणि सगळं कुटुंब रस्त्याकडेला उतरून तिच्यात पाणी ओतायचं. आज त्याच प्रवासाला एक्सप्रेस-वे आहे आणि समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. ताशी 100 किलोमीटर म्हणजे एकोणचाळीस मीटर, बारा-तेरा मजले. रस्ता, गाडी, वेग सगळं नव्या पिढीचं घेतलं, फक्त मुलाची जागा जुनी ठेवली. ‘आम्ही गावातच फिरतो, तीसच्या वर जात नाही’ असं म्हणणाऱ्यांसाठी तीसचाही हिशेब आहे: साडेतीन मीटर. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून मुलाला खाली सोडायला कुणी तयार असेल तर हा युक्तिवाद मान्य.

तिसरा आक्षेप कायद्याच्या आडून येतो आणि तो सर्वांत सोयीचा आहे. मोटार वाहन कायद्यात 2019च्या दुरुस्तीनं 194ब हे कलम आलं. चौदा वर्षांखालचं मूल सीटबेल्ट किंवा बालसुरक्षा आसन यांपैकी एकानंही सुरक्षित केलेलं नसेल तर एक हजार रुपये दंड. वाचायला छान आहे. पण दोन पर्याय समोर ठेवल्यामुळे चार वर्षांच्या मुलाला मोठ्यांच्या पट्ट्यात गुंडाळलं की कायदा संतुष्ट होतो. पट्टा पोटावर आहे की खुब्यावर हे पाहणं त्याच्या कामात बसत नाही. ब्रिटनमध्ये बारा वर्षं किंवा 135 सेंटिमीटर, यांपैकी जे आधी होईल तोवर बालआसन सक्तीचं आहे; जर्मनीत तीच रेघ 150 सेंटिमीटरवर आहे. म्हणजे तिथल्या कायद्याच्या हातात टेप आहे. आपल्या कायद्याच्या हातात फक्त पावतीपुस्तक, तेही बहुतेक वेळा हेल्मेटवाल्यांसाठी राखून ठेवलेलं. मांडीवरच्या मुलासाठी ई-चलान फाडलं गेलं अशी चर्चा कट्ट्यावर क्वचितच ऐकू येते. उलट ‘मामांनी बाळाला बघून सोडून दिलं’ ही गोष्ट कौतुकानं सांगितली जाते, बाळ हा जणू टोलमाफीचा पास.

पट्ट्याबद्दलचं आपलं प्रेम किती खरं आहे याचाही पुरावा आहे. सप्टेंबर 2022 मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. मागे पट्टा न लावता बसलेले दोघे दगावले आणि काही आठवडे सगळ्या देशाला मागच्या सीटलाही पट्टा असतो हे कळलं. मुंबई पोलिसांनी नोव्हेंबरपासून सगळ्या प्रवाशांना पट्टा सक्तीचा केला. बाजारानं मात्र वेगळं उत्तर शोधलेलं होतं: पट्टा न लावताच बकलमध्ये खोचायची आणि गाडीची पिपाणी बंद करायची धातूची क्लिप. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं मे 2023 मध्ये पाच ऑनलाइन दुकानांना अशा क्लिप काढून टाकायला लावल्या, तेव्हा तेरा हजारांहून अधिक नोंदी हटल्या. शंभर-दोनशे रुपये देऊन स्वतःचा जीव धोक्यात घालण्याची सोय विकत घेणारा ग्राहक दोन-चार हजारांचं बूस्टर महाग म्हणतो, हे अर्थशास्त्र कुठल्याही पुस्तकात नाही. याच ग्राहकाच्या ऑन-रोड किमतीत सनरूफ, मखमली सीट कव्हर, सेव्हन-डी मॅट आणि दरवाजातून रस्त्यावर पडणारा कंपनीच्या नावाचा दिवा बिनतक्रार बसतो.

‘पण आम्ही पाच स्टारची गाडी घेतली आहे!’ हा चौथा आक्षेप. तो खरोखर विचार करून काढलेला वाटतो, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबायला हवं. भारत एनकॅप ही चाचणी ऑक्टोबर 2023 पासून आपल्याकडे सुरू झाली. त्यात मुलांच्या सुरक्षेचे 49 गुण असतात. ते मिळवण्यासाठी गाडीत दीड आणि तीन वर्षांच्या मुलांच्या मापाच्या बाहुल्या बसवून गाडी आदळवतात. या बाहुल्या कुणाच्याही मांडीवर नसतात. त्या कंपनीनं सुचवलेल्या बालआसनात, नियमानुसार बांधलेल्या असतात. म्हणजे जाहिरातीतले तारे ज्या आसनानं मिळवले ते आसन सोडून आपण फक्त तारे घरी आणतो. दुसरी गोष्ट अशी की आपल्या चाचणीत बूस्टरच्या वयाची बाहुलीच नाही. युरोपीय चाचणीत 2016 पासून सहा आणि दहा वर्षांच्या बाहुल्या बसवतात. आपल्याकडे तीन वर्षांनंतर मूल एकदम चाचणीतून उत्तीर्ण होतं आणि थेट प्रौढ म्हणून परत येतं, मधली सात-आठ वर्षं रामभरोसे. आपल्या घरातही नेमकं तेच चाललेलं असतं. पहिल्या बाळासाठी हौसेनं आणलेली कारसीट तिसऱ्या वर्षी माळ्यावर जाते आणि ‘आता मोठा झाला’ अशी घोषणा होते.

मोठा झाला की नाही हे वाढदिवसाच्या केकवरून ठरत नाही. पाठ सीटला पूर्ण टेकलेली असताना गुडघे सीटच्या कडेवर नीट वाकायला हवेत, खालचा पट्टा मांड्यांच्या वरच्या टोकाशी, वरचा खांद्याच्या मध्यावर, आणि हे सगळं मूल झोपी गेलं तरी तसंच राहायला हवं. बहुतेक मुलांना हे 145 सेंटिमीटरच्या आसपास जमतं, म्हणजे दहा-बारा वर्षांना. त्याआधी बूस्टर, आणि बूस्टरच्याही आधी, साधारण चार वर्षांपर्यंत किंवा त्या आसनाची मर्यादा संपेपर्यंत, स्वतःचे पट्टे असलेली कारसीट. नुसत्या बैठकीपेक्षा पाठवाला बूस्टर घ्यावा. झोपलेल्या मुलाचं डोकं तो बाजूला लवंडू देत नाही. युरोपच्या नव्या नियमात बिनपाठीच्या नव्या बूस्टरना 125 सेंटिमीटरखालच्या मुलांसाठी मान्यताच मिळत नाही. आपलं मानक एआयएस-072, युरोपचं आर44 किंवा आर129. यांपैकी काहीच छापलेलं नसेल तर ती वस्तू आसन नव्हे, शोभेची उशी. उशीवरून आठवलं: घरातला लोड किंवा तक्क्या खाली सारून बूस्टर बनवण्याची जी देशी कल्पकता आहे ती करकचून ब्रेक लागेपर्यंतच टिकते, लोड दबतो, सरकतो आणि पट्टा पुन्हा पोटावर येतो. जुन्या गाड्यांत मागे मध्यभागी नुसता कमरेचा पट्टा असतो, तिथे बूस्टर ठेवून काहीच उपयोग नाही. अपघातातून गेलेला किंवा कुणाकडून आलेला इतिहास-अज्ञात बूस्टर घेऊ नये. आणि मूल बसलेलं नसतानाही तो पट्ट्यानं बांधून ठेवावा, नाहीतर पहिल्याच धडकेत तो पुढच्या माणसाच्या डोक्याकडे उडतो.

मूल रडेल, हा शेवटचा आक्षेप. रडेल, पहिले चार दिवस. लस टोचतानाही रडतं आणि तेव्हा कुणी सुई परत ठेवायला सांगत नाही. जागा पुरत नाही हे मात्र खरं आहे: पाच जणांच्या गाडीत सात जण न्यायचे ठरलं की बूस्टर नको होणारच. तिथे तक्रार मोजणीबद्दल करायला हवी, बूस्टरबद्दल नव्हे. दुचाकीवर चौघांना नेणाऱ्या घराला हे सगळं ऐकवण्यात अर्थ नाही, तिथला प्रश्न ऐपतीचा आहे आणि त्याचं उत्तर चांगल्या बसमध्ये आहे. पण ज्यांच्या गाडीची किंमत दहा लाखांच्या पुढे आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी सहज होण्यासारख्या आहेत. कायद्यानं वयाच्या जोडीला उंची लिहावी आणि चाचणीत सहा व दहा वर्षांच्या बाहुल्या आणाव्यात. आणि ज्या आसनावर तारे मिळाले ते आसन, तसंच त्यापुढचा बूस्टर, कंपन्यांनी शोरूममधल्या ॲक्सेसरीजच्या यादीत मॅटच्या वर छापावा. गाडी ताब्यात देताना तिथे हार असतो, पेढे असतात, चावीचा पुठ्ठ्याचा मोठा नमुना असतो, चाकाखाली लिंबं ठेवलेली असतात. आणि फोटोसाठी मुलाला उचलून बॉनेटवर बसवलेलं असतं. मग गाडी लिंबांवरून पुढे सरकते आणि मूल बॉनेटवरून थेट पुढच्या मांडीवर येतं.