पंधरा पैशांचा वजीर

आमच्या डोंबिवलीच्या घरी कपाटावर बुद्धिबळाचा एक पट मांडलेला असे आणि त्याला हात लावायची कुणालाही मुभा नव्हती. देवघरातल्या देवांना रोज आंघोळ तरी मिळे. या सोंगट्यांवर महिनोन्‌महिने धूळ साचायची. जळमटं काढताना आई विचारायची, "संपला का रे एकदाचा मामाचा डाव?" मी म्हणायचो, "आत्ताशी कुठं रंगात येतोय." आत्ताशी म्हणजे मागच्या गणपतीपासून.

मामा सांगलीला. एका मे महिन्यात माझी परतीच्या एसटीची वेळ झाली आणि डाव अर्धा राहिला. मी हरत होतो, त्यामुळे त्याचं मला दुःख असं काही नव्हतं. पण मामांनी पाठकोऱ्या कागदावर सोंगट्यांच्या जागा उतरवून घेतल्या, एक प्रत माझ्या खिशात कोंबली आणि म्हणाले, "पुढचं पत्रानं." भाऊसाहेब पडसलगीकरांचं नूतन बुद्धिबळ मंडळ ज्या गावात, त्या गावचा माणूस अर्धा डाव सोडून देईल ही अपेक्षाच चुकीची होती.

पोस्टकार्ड तेव्हा पंधरा पैशांना मिळे. एक चाल, एक कार्ड. सांगलीहून डोंबिवलीला यायला तीन दिवस, माझा विचार व्हायला चार दिवस, पेटीपर्यंत जायचा कंटाळा दोन दिवस, परत जायला तीन दिवस. म्हणजे बारा दिवसांत एक प्यादं एक घर पुढं. त्या चालीनं शिवाजी महाराजांचा आग्र्याहून परतीचा प्रवास अजून संपला नसता.

खरी गंमत मजकुराची होती. वडीलधाऱ्यांना पत्र लिहायची रीत काही मोडता येत नव्हती. त्यामुळे माझी कार्डं अशी असत : 'ती. मामांस शि. सा. न. वि. वि. आपला पांढऱ्या घरातला उंट मारला आहे. मामींना नमस्कार.' त्यांचं उत्तर येई : 'चि. यास अनेक आशीर्वाद. शह. पाऊस बरा आहे. हळदीला भाव नाही.' त्या तीन वाक्यांत शह कुठं संपला आणि पाऊस कुठं सुरू झाला, हे कळायला सराव लागायचा.

पोस्टकार्ड म्हणजे उघडा कारभार. आमच्या चाळीत टपाल तळमजल्यावरच्या काकांकडे पडे, आणि दुसऱ्याचं पत्र वाचू नये हा नियम पाकिटांसाठी असतो अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. मी कॉलेजातून येत असे तेव्हा ते कठड्याला टेकून सांगत, "मामांनी घोडा आत घातलाय. जपून हो." कधीकधी चाल माझ्या आधी चाळीला कळलेली असे आणि माझ्या वजिराबद्दल जिन्यातच दोन मतप्रवाह तयार झालेले असत.

तेव्हा मला वाटे, हा खुळेपणा जगात फक्त आमच्याच घराण्यात आहे. पुढं वाचनात आलं की आमचं घराणं पुष्कळ मोठं आहे. १८२४ साली लंडन आणि एडिंबरा इथल्या बुद्धिबळ मंडळांनी टपालानं सामना लावला. डाव पाच, वर्षं चार. सामना १८२८ साली संपला. मधल्या सहाशेहून अधिक किलोमीटरच्या वाटेवर चाली घोडागाडीतून ये-जा करत होत्या. आगगाडीचं युग उजाडायचं होतं, टपालाचं तिकीटही जन्मलं नव्हतं, आणि विलायतेत तेव्हा पत्राचे पैसे सहसा घेणाऱ्यानंच मोजायचे असत. आपल्याच राजाला शह बसल्याची बातमी पदरचे पैसे देऊन सोडवून घ्यायची, याला खिलाडूवृत्ती म्हणतात.

या सामन्यातला एक प्रसंग मला फार जवळचा वाटतो. लंडनकरांनी एक चाल टपालात टाकली आणि मागाहून त्यांच्या लक्षात आलं की ही घोडचूक आहे. त्यांनी एडिंबराला कळवलं, ती चाल मागे घेऊ द्या. एडिंबराकरांनी साफ नाही म्हटलं. समोरासमोरच्या खेळात 'हात लावला की चाल' असा दंडक असतो. टपालात तो 'पेटीत पडलं की चाल' असा होतो. त्या लाल पेटीच्या तोंडाशी कार्ड अर्धं आत, अर्धं बाहेर धरून मी किती संध्याकाळी उभा राहिलोय! कार्ड आतल्या पत्रांवर पडल्याचा हलका आवाज यायचा आणि त्याच क्षणी, अगदी त्याच क्षणी, आपला हत्ती उघडा पडलाय हे लख्ख दिसायचं. घरी चार दिवस डोकं खाजवून जे दिसलं नाही ते पेटी एका टप्प्यात दाखवते. लंडनच्या त्या मंडळींशी माझं रक्ताचं नातं असावं.

सामना एडिंबरानं जिंकला : दोन डाव खिशात, एक गमावला, दोन बरोबरीत. आणि त्या सामन्यामुळे एका सुरुवातीला कायमचं 'स्कॉच' हे नाव पडलं. खरी मौज पुढंच आहे. ती सुरुवात त्या सामन्यात आधी लंडननं वापरली होती. एडिंबराकरांना ती आवडली, त्यांनी ती उचलली आणि तिच्याच जोरावर लंडनला चीत केलं. सुचवणारा जॉन कॉक्रन नावाचा लंडनचा खेळाडू तर सामना अर्धा टाकून हिंदुस्थानात निघून आला होता. ज्याची चाल त्याला नावही नाही आणि कपही नाही. लग्नात आहेराचं भांडं फिरतं तसंच हे.

आपल्याकडेही हा नाद लगोलग पोचला. १८२८-२९ मध्ये मद्रास विरुद्ध हैदराबाद असा टपाली सामना झाला. मद्रासच्या बाजूनं गुलाम कासिम हा नामांकित खेळाडू होता. दोन्ही डाव मद्रासनं घेतले आणि १८२९ मध्ये मद्रासला त्यांचं पुस्तकही छापलं गेलं. आपल्या मुलखात त्या काळी डाक पायी धावणारी माणसं नेत. ऊन, नद्या, रानं पार करून कुणी एक घामाघूम माणूस थैली टाकतो, आणि आत काय? तर उंट दोन घरं तिरका.

मग पोस्टकार्ड आलं. ऑस्ट्रिया-हंगेरीनं ते १८६९ साली काढलं, आपल्याकडे १८७९ मध्ये पाव आण्याला मिळू लागलं आणि हा श्रीमंत मंडळांचा षौक कारकून-मास्तरांच्या आवाक्यात आला. देशोदेशीच्या खेळाडूंना भाषेची अडचण येऊ नये म्हणून पटाच्या प्रत्येक घराला आकडे दिले गेले. चाल म्हणजे नुसते चार आकडे. राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवायचं तर लिहायचं ५२५४. जणू प्रत्येक घराला पिनकोड. (आपला खरा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी आणला. ते संस्कृतचे कवी. कवीनं आकडे द्यावेत आणि बुद्धिबळपटूनं पत्रं लिहावीत, असं हे खातं!) आम्ही अर्थात या आकड्यांच्या वाटेला गेलो नाही. मामा लिहीत, 'वजिराकडचा घोडा वाण्याच्या दुकानाच्या बाजूला.' आमच्या लेखी पटाच्या उजवीकडे वाणी होता, कारण मामांच्या खिडकीतून तसं दिसे.

नियम मात्र आधी ठरवायला हवे होते. एका डावात मामांच्या राजाला मी छान कोंडीत धरलं तेव्हा कार्ड आलं : 'राजा घोड्याच्या उडीनं बाहेर.' मी रागानं कळवलं की राजा असा उडत नाही. उत्तर आलं की देशी पद्धतीत एकदा उडतो आणि आपण कुठल्या पद्धतीनं खेळतोय हे तू विचारलं नव्हतंस. या घटनात्मक पेचप्रसंगात अडीच महिने गेले. शेवटी आजीनं निकाल दिला की मामा मोठा आहे. राजा उडाला.

मामांचं दुसरं अस्त्र म्हणजे जर-तर. टपाली बुद्धिबळात वेळ वाचवायला पुढच्या चाली अटींवर पाठवायची मान्य पद्धत आहे. मामा तिचा उपयोग माणसाचा कणा मोडायला करत. 'तू आता हत्ती मागे घेशील. घेतलास तर माझं प्यादं पुढं. मग तुला ते खायचा मोह होईल. खाल्लंस तर उंटाचा शह.' मी पटावर बघायचो. हत्ती मागे घ्यायचंच माझ्या मनात असायचं. प्यादं खायचा मोहही झालेला असायचा. पंधरा पैशांत इतकं अचूक भविष्य सांगणारा ज्योतिषी मला पुन्हा भेटला नाही.

आणि ते शर्टाचं प्रकरण. कार्ड लिहिलं, खिशात ठेवलं, शर्ट धुवायला गेला. आठवड्यानं खिशातून मऊ लगदा निघाला आणि मला वाटत राहिलं की मामाच उत्तर देत नाहीत. मनातल्या मनात मी त्यांच्यावर रुसलोही. पाच आठवड्यांनी कार्ड आलं : 'तब्येत बरी आहे ना? की वजीर अडकलाय?' वुडी ॲलनची एक विनोदी कथा आहे, टपालानं खेळणाऱ्या दोघांच्या पत्रव्यवहाराची. एक पत्र हरवतं आणि दोघं दोन वेगळेच डाव खेळत राहतात, दोघांचीही खात्री की आपणच जिंकतोय. लोक ती वाचून हसतात. मी थोडा कमी हसलो.

अशा चालींवर कुणाला संशय न येता तरच नवल. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या टपाल तपासनिसांनी पत्रातून बुद्धिबळाच्या चाली पाठवायलाच बंदी घातली. हेरांची सांकेतिक भाषा असली तर? त्याच खात्यानं म्हणे विणकामाच्या सूचनांचं एक पत्र अडकवून ठेवलं आणि एका कर्मचाऱ्यानं आख्खा स्वेटर विणून पाहिला, दोन सुलट एक उलटमध्ये काही गुपित दडलंय का. स्वेटर कुणाला बसला, ते इतिहासानं नोंदवलेलं नाही. 'वाण्याच्या दुकानाच्या बाजूला' वाचून त्यांनी काय केलं असतं कोण जाणे.

फक्त बुद्धिबळच टपालानं चालायचं असंही नाही. 'डिप्लोमसी' नावाचा अमेरिकन खेळ आहे : पहिल्या महायुद्धाआधीच्या युरोपातली सात राष्ट्रं, फासे नाहीत, सगळी मदार वाटाघाटींवर. १९६३ पासून तो टपालानं खेळला जाऊ लागला. आठवडाभर गोड पत्रं लिहायची आणि मग मित्राच्या पाठीत सुरा खुपसायचा, तोही तिकीट लावून. १९७० मध्ये रिक लूमिस या माणसानं तर अशा खेळांची कंपनीच काढली. लोक हुकूम टपालानं धाडत, कंपनीचा संगणक हिशेब करी आणि तुमचा देश जळाल्याचं पत्र घरपोच येई. मला यात फार रस नाही. शत्रू एकच असावा आणि तो सख्खा मामा असावा.

टपालाच्या संथपणावर माझा आवडता दाखला मात्र दहाव्या टपाली ऑलिम्पियाडचा. अंतिम फेरी १९८७ साली सुरू झाली आणि १९९५ मध्ये संपली. सुवर्ण सोव्हिएत संघाला, कांस्य पूर्व जर्मनीला. तोवर दोन्ही देश नकाशावरून जाऊन काही वर्षं झाली होती. सरकारं पडली, भिंत पडली, पण कार्डं येत राहिली कारण डाव चालू होता. दक्षिण आफ्रिकेतल्या दोन मित्रांनी तर १९४६ पासून १९९९ पर्यंत टपालानं ११२ डाव खेळले आणि दोघांचे विजय सारखे भरले. त्रेपन्न वर्षांत कुणीच कुणाच्या पुढं नाही! आमचा हिशेब एवढा देखणा नव्हता. अकरा वर्षांत नऊ डाव. आठ मामांनी घेतले. त्यांतल्या एकात प्याद्यानं मात दिली. देशी खेळात तो मारणाऱ्याचा मोठा मान आणि खाणाऱ्याची मोठी शोभा. तळमजल्यावरचे काका त्या दिवशी माझ्याशी काही बोलले नाहीत, नुसता खांद्यावर हात ठेवला.

नववा डाव राहिला. मामांच्या दिवसकार्याला गेलो तेव्हा मामींनी एक लांबट वही हातात दिली. सगळ्या चाली तारखांनिशी, आणि समासात बारीक अक्षरात शेरे : 'घाईत आहे.' 'परीक्षा असावी.' 'हे कुणीतरी सांगितलंय.' (काकांनी.) एके ठिकाणी नुसतं 'वा'. ती चाल मी घरी येऊन पटावर लावून पाहिली. त्यात वा म्हणण्यासारखं काय आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

आता हा टपाली खेळ बहुतेक संगणकावर गेला आहे. आंतरराष्ट्रीय संघटनेनं २००४ मध्ये आपला सर्व्हर सुरू केला. तिथं संगणकाची मदत घ्यायची मुभा आहे, त्यामुळे वरच्या पातळीवर बहुतेक सगळे डाव बरोबरीत सुटतात. दोन यंत्रं एकमेकांना शि. सा. न. वि. वि. करत बसलेली असतात.

बंगळुरूला माझा भाचा आहे. तो फोनवर एका मिनिटाचे डाव खेळतो. एका बैठकीत आमच्या अकरा वर्षांपेक्षा जास्त. गेल्या दिवाळीत मी पोस्टातून पन्नास पैशांची दोन कार्डं आणली, एकावर पहिली चाल लिहून त्याला धाडली. आठव्या दिवशी व्हॉट्सॲपवर कार्डाचा फोटो आला, खाली उलट चाल आणि हसरा चेहरा. मी कळवलं, असं चालत नाही, कार्ड टाक. त्याचा फोन आला, "मामा, अरे पण पोस्टाची पेटी असते कुठं?" पुढचे दोन महिने शांततेत गेले. मी कपाटावर पट मांडून ठेवला होता. बायको धूळ झटकायला गेली की मी नुसतं खाकरायचो.

परवा त्याचं कार्ड आलं. गिचमिड अक्षर, पत्त्यात पिनकोड चुकलेला, शिक्के चार. 'मामा, नमस्कार. घोडा इथं,' आणि खाली पटाचं वेडंवाकडं चित्र, त्यात बाण. बाणाच्या टोकाला जे घर आहे तिथं घोडा देशी, विलायती कुठल्याच पद्धतीनं पोचत नाही.

फोन समोरच पडलाय. दुसरं कार्ड चार दिवस पुढ्यात घेऊन बसलोय, आणि 'चि. यास अनेक आशीर्वाद' याच्या पुढं काय लिहावं हे अजून ठरत नाही.