खिशातला खटका

चाकू जमवणाऱ्याला ‘तुम्ही त्याने काय कापता?’ असं विचारू नये. जुनी घड्याळं जमवणाऱ्याला ‘किती वाजले?’ विचारण्याइतकं ते अरसिक आहे. आमच्या घरात कापण्याचं खातं विळीकडे आहे. माझे चाकू मखमलीवर, तेलाचा हात फिरवून, पडून असतात. ‘अहो, एवढे चाकू आहेत, मग पार्सलची चिकटपट्टी माझ्या कात्रीने का कापता?’ असं ही विचारते. पात्याला गोंद लागतो, हे तिला कोणत्या भाषेत सांगावं!

सध्या पेटीत एकच खण रिकामा आहे आणि उमेदवार तीन आहेत. दुसरी पेटी आणायची नाही, हा ठराव घरात एकमताने मंजूर झालेला आहे. ते एक मत अर्थातच हिचं.

पहिला उमेदवार फ्रेंच, आव्हेरों भागातल्या लायोल गावचा. रोमन लिपीतल्या त्याच्या नावात एक ‘ग’ आहे आणि तो गिळायचा असतो. समोरच्याने गिळला नाही की मी किंचित हसून गिळून दाखवतो. या एका सुखासाठी तो चाकू घ्यावा असं मला अनेकदा वाटलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून तो तिथे बनतो. मुठीच्या पाठीवर मधमाशी, मुठीत बारीक खिळ्यांचा क्रूस. रानात देऊळ नाही म्हणून मेंढपाळ चाकू पावात खोचून त्या क्रूसापुढे प्रार्थना करत, अशी कथा सांगतात. 1880च्या सुमारास त्याला बुचं काढायचा स्क्रू जोडला गेला, म्हणजे प्रार्थनेनंतरचीही सोय झाली. अडचण एवढीच, की हे नाव कुणा एका कारखान्याच्या मालकीचं राहिलेलं नाही. कुठल्याही देशात मधमाशी चिकटवून लायोल तयार होतो. त्यामुळे घेण्याआधी कुळाची चौकशी करावी लागते आणि त्या चौकशीत माझे महिने मजेत जातात.

दुसरा जपानी, मिकी गावचा हिगोनोकामी. 1876मध्ये सरकारने सामुराईंना तलवार घेऊन फिरायला बंदी केली आणि लोहारांना लहान हत्यारांकडे वळावं लागलं. त्या शतकाच्या शेवटी हा घडीचा चाकू आला. पत्रा दुमडून केलेली मूठ, स्प्रिंग नाही, खटका नाही. अंगठ्याने शेपूट दाबून धरायचं. शाळकरी पोरं त्याने पेन्सिलींना टोक काढत. 1960मध्ये टोकियोत समाजवादी नेते असानुमा यांची भर सभेत एका तरुणाने छोट्या तलवारीने हत्या केली. मग पोरांच्या हातात पाती नकोत अशी चळवळ उभी राहिली आणि तिच्यात हा पेन्सिलवाला गरीबही भरडला गेला. आज ते नाव अधिकृतपणे वापरणारा एकच कारखाना उरला आहे.

आता इथे अडकित्त्याचा विषय निघणारच. नियमाने तो माझ्या छंदात बसत नाही, कारण तो चाकू नाही. पण मराठी ओसरीवर हाताने घडवलेलं पातं म्हणून मान होता तो यालाच. पुण्यात केळकर संग्रहालयात अडकित्ते बघा: मोर, घोडे, एकमेकांना बिलगलेली जोडपी, आणि या सगळ्यांनी मिळून करायचं काय, तर एक सुपारी कातरायची! माझ्या आजोबांचा मात्र साधा, पितळी होता. त्याचा खरा उपयोग बोलण्यात व्हायचा. समोरच्याने जमिनीचा भाव विचारला की आजोबा सुपारी दोन पात्यांमध्ये धरत, डोळे बारीक करत आणि कातरत बसत. चौथ्या खांडापर्यंत समोरचा स्वतःहून आकडा वाढवायचा. मुलीच्या सासरची तक्रार आली की सुपारी आणखी बारीक व्हायची. असं साधन लायोलवाल्यांना सुचलं नाही, मधमाशी लावून मोकळे झाले. दिनकर केळकरांनी हे सारं आयुष्यभर वेचलं आणि लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाचं नाव त्या संग्रहालयाला दिलं. त्या दालनात उभं राहून स्वतःला संग्राहक म्हणवताना माझी जीभ अडखळते. बाहेर बाजीराव रस्त्यावर आलं की पुन्हा सुटते.

तिसरा रामपुरी. त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. ‘वक्त’ चित्रपटात, 1965 साली, राजकुमारने करून दिलेली आहे. आमच्याकडे चाकूचं श्रेय नटाला मिळतं. पडद्यावर इतके खलनायक पोसल्यावर त्याचं नाव बदनाम झालं आणि पुढे उत्तर प्रदेश सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्यावर बंदी घातली. कारागिरांनी धंदे बदलले. 2023मध्ये रामपूरच्या चौकात वीस फुटी चाकूचं स्मारक उभं राहिलं.

आता थोडं चिडून बोलतो. लायोल ‘एकाच कारागिराने पहिल्यापासून शेवटपर्यंत जुळवला’ असं फ्रेंच दुकानदाराने म्हटलं की आमचे संग्राहक मित्र सांगितलेली किंमत मुकाट मोजतात, वर ‘कला आहे हो’ म्हणतात. तेच मित्र रामपुरीसमोर दोनशे रुपये कमी करा म्हणून अर्धा तास हटून बसतात. पातं घासून घासून बोटांची टोकं काळी पडलेला माणूस समोर असतो. त्याने खटका असा बसवलेला असतो की उघडताना आवाज आधी येतो आणि पातं नंतर दिसतं. त्याचं नाव कोणी विचारत नाही. यांना मधमाशीचं कूळ पाठ असतं.

तेव्हा खण रामपुरीला दिला आहे. तुम्ही रामपूरला जाऊन घेणार असाल तर पातं साडेचार इंचांच्या आतलं घ्या, भाव करू नका, बनवणाऱ्याचं नाव विचारून बिलावर लिहून घ्या. आणि परतीच्या विमानात तो हातातल्या बॅगेत ठेवू नका. तिथल्या जवानांना तुमच्या रसिकतेशी काही देणंघेणं नसतं.