महाराज सापडले, खापरपणजोबा नाहीत

फ्लॉरेन्स, रविवार

ती. आबा व आई यांस,


आई, आधी शांत हो. अमावास्या होती हे मला तुझा फोन आल्यावर कळलं. इथे कालनिर्णय मिळत नाही. दफनभूमीत गेले ते भरदिवसा, लेकीचा, ओवीचा हात धरून. इंग्लिश दफनभूमी म्हणजे चारी बाजूंनी गाड्या धावणाऱ्या रस्त्याच्या मधलं टेकाड. एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग ही कवयित्री तिथेच आहे. १८७७ मध्ये ही दफनभूमी बंद झाली. तात्यांनी भावकीच्या ग्रुपवर 'मंजू स्मशानं धुंडाळतेय' असं टाकलं, त्याला मी काय करू?

तात्यांचं म्हणणं, खापरपणजोबा राजाराम महाराजांच्या लवाजम्यात आचारी होते आणि इकडेच राहिले. आक्का म्हणायची, "राहिले कसले, उधारी चुकवायला पळाले!" मला अजून आक्काचंच खरं वाटतं. आचाऱ्यांचा मागमूस नाही. सापडले ते महाराज.

कोल्हापूरचे राजाराम महाराज विलायतेहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला इथे वारले. वय अवघं वीस. तेव्हा हे शहर इटलीची राजधानी होतं आणि प्रेत जाळायची इथे पद्धतच नव्हती. शेवटी खास परवानगी मिळाली आणि मुन्योने नदी आर्नोला मिळते तिथे, कश्शिने बागेच्या टोकाला, चिता रचली. तात्या, दहन झालं तिथे थडगं कुठून निघणार? १८७४ साली तिथे छत्री उभी राहिली. ती मँटची, म्हणजे आबा, ज्याने कोल्हापूरचा न्यू पॅलेस आखला तोच. आतला पुतळा फुलरने घडवलेला. शेजारच्या पुलाला 'इंडियानो' म्हणतात. त्यावर गाड्या तुंबल्या की अख्खं गाव एका कोल्हापूरकराच्या नावाने शिमगा करतं, आणि तो कोल्हापूरचा हे त्यांच्या गावीही नसतं.

थांबा, कुकर उतरवते.

तर महाराजांच्या मृत्यूच्या दाखल्याची नक्कल काढून पाठव, हा तात्यांचा हुकूम. तात्या, मी जिवंत आहे आणि इथे राहते, एवढ्या रहिवासाच्या दाखल्याला १६ युरोचं तिकीट लावावं लागलं. सोळाशे रुपयांच्या आसपास! आणि हे सरकारी तिकीट मिळतं कुठे? सिगारेटच्या दुकानात. खिडकीवरच्या बाईने फॉर्म उलटसुलट पाहिला आणि बोटाने रस्त्याकडे दाखवलं. मी कोपऱ्यावरच्या दुकानात. पुढे एक लॉटरीवाला, एक विडीवाला, मग मी. तिकीट घेऊन परत आले तर खिडकी जेवायला गेलेली. पालघरला तहसीलबाहेर स्टँपवाल्याला मी किती शिव्या दिल्यात! तो बिचारा निदान "ताई, सही इथे" म्हणून बोट तरी ठेवायचा. तेव्हा मेलेल्या माणसाचा दाखला तात्यांनी स्वतः येऊन काढावा. विमानाच्या तिकिटाचे पैसे तुमचा जावई सुहास देईल म्हणतो (त्याला विचारलेलं नाही).

खरं सांगू, दाखल्याची गरजच वाटली नाही. पुतळा रंगीत आहे. फेटा, गळ्यात दागिने, आणि चेहरा अगदी पोराचा. ओवी म्हणाली, "हा आपल्याकडचा आहे?" हो म्हटलं आणि पुढे मला बोलवेना. राणी व्हिक्टोरियाला भेटून, प्रवासाची डायरी लिहून (ती १८७२ ला छापलीसुद्धा) घरी निघालेलं पोर. आगबोटीपर्यंतही पोचलं नाही. दगडावर देवनागरी दिसली आणि मी मोठ्याने वाचत सुटले. कुत्रं फिरवणारा एक म्हातारा बघत उभा राहिला. इथे दुकानावर, बसवर, कुठेच आपली अक्षरं दिसत नाहीत गं.

असो. काका बुलेट ट्रेनच्या नावावर बेटेगावच्या जागेचा भाव वाढवून बसलेत म्हणे. त्यांना आधी बोईसरला सकाळची डहाणू लोकल पकडून दाखवायला सांगा. अणुवीज केंद्र उशाशी आणि आपल्या घरी पुन्हा इन्व्हर्टर बिघडला, हे ऐकून सुहास तासभर हसला. संगीताच्या सासूने हळदीला जेवण कमी पडलं म्हणून नाक मुरडलं? त्यांच्याकडच्या बारशाला आपण बिनमिठाची आमटी गोड मानून घेतली होती, हे आई, तिला आठवणीने सांग. जवळ्याचं पार्सल पोचलं. वरच्या मजल्यावरच्या बाईने दार वाजवून विचारलं, गॅस गळतोय का. तिला बसवून भाकरीबरोबर वाढला. आता दर शुक्रवारी जिन्यात घुटमळते.

आणि आबा, रेशन कार्डातून माझं नाव कमी करायचं म्हणताय ते तूर्त राहू द्या. धान्य नका घेऊ माझ्या नावचं. अंगठा द्यायला मी मे महिन्यात येतेच आहे.

कळावे,
तुमची मंजू