नदीचं मूळ, ऋषीचं कूळ आणि भिंतीची ओल

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. म्हणणाऱ्याच्या घरात कन्सील पाइप नसावेत, नाहीतर यादीत तिसरी बाब आलीच असती. तापीचं मूळ सोपं आहे, मुलताईला गेलं की सापडतं. रावेरातल्या आमच्या बैठकीच्या भिंतीला जी ओल आली आहे, तिचं मूळ मात्र ज्याला विचारावं तो त्याच्या दुकानात सापडेल म्हणतो.

रंगवाल्याच्या मते भिंतीला वॉटरप्रूफ पुट्टी हवी. प्लंबरच्या मते सगळी लाइनच बदलायला हवी. मिस्त्रीने भिंतीवर बोटाने टकटक केली, पोपडा नखाने उचकटला आणि आधीच्या मिस्त्रीचा उद्धार केला. एका पाहुण्याने होकायंत्र काढून ईशान्येकडे बोट दाखवलं. टाइल्स फोडायला मात्र सगळे एका पायावर तयार.

गंमत अशी की हा केळीचा तालुका. ताशी चार लिटरचं ड्रिपर कोणत्या ओळीत तुंबलंय, हे आमचा शेतकरी बांधावरून सांगतो. घरी मात्र टाकी भरून वाहतेय, हे गल्लीतल्या पोरांनी ओरडून सांगावं लागतं.

खरं तर पाणी गळतं माडीवरच्या बेंडला आणि स्लॅबमधून वाट काढत फुटतं भलतीकडेच. म्हणून भिंत फोडण्याआधी रात्री सगळे नळ बंद करावेत, गच्चीवरच्या टाकीत पातळीला खूण करावी आणि सकाळी पाहावं. पातळी उतरली तर गळती आपलीच. मग एकेक व्हॉल्व्ह बंद करत जावं. फ्लशच्या टाकीत जिलबीचा रंग टाकावा. बटण न दाबता भांड्यात रंग उतरला की चोर सापडला. याला खर्च काहीच नाही, त्यामुळे कुणाचा विश्वास बसत नाही.

इकडे रावेर-यावलचे बोअर खोल खोल चाललेत. सातपुड्याच्या पायथ्याच्या गोट्या-वाळूच्या थरात तापीचं पाणी मुरवायचं, म्हणून १० मे २०२५ रोजी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशने भोपाळला मेगा रिचार्जचा करार केला. खर्च १९ हजार कोटींच्या वर. आमच्या भिंतीत पाणी विनाअनुदान मुरतंय, त्याची दखल कोण घेतो?

शेवटी टाकीत खूण केली. सकाळी पातळी जागच्या जागी. मोटर रात्रभर बंद होती आणि ओल तर बोटभर वर चढलेली. म्हणजे पाणी आमचं नव्हतंच, सामाईक भिंतीपलीकडचं होतं. दोन राज्यांचं जमलं, तर दोन घरांचं का जमू नये, असा विचार करून शेजारी गेलो. त्यांनी चहा पाजला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पाणी आमचं असेल भो, पण ओली भिंत तर तुमचीच ना!”