लोड कुठं जातोय?

तयार झालेली वस्तू नुसती बघवत नाही, अशी काही माणसं असतात. लग्नाला गेली की त्यांची नजर नवरा-नवरीच्या आधी मंडपाच्या खांबांवर जाते. हॉटेलात डोसा येईपर्यंत ती भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करून गिलावा पोकळ आहे का ते बघतात. देवळात घंटा वाजवून वर बघतात, पण ते भक्तीनं नव्हे; घंटेचा हूक स्लॅबमध्ये किती इंच गेलाय याचा अंदाज घ्यायला. आणि मग शेजारी हात जोडून उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला हळूच म्हणतात, "माझं आपलं एक सजेशन आहे." हे 'एक' सजेशन कधी एकावर थांबल्याचं ऐकिवात नाही.

आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतल्या गल्लीतला हा मान आबांचा. आबा पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले. जायकवाडीचं धरण १९७६ साली पूर्ण झालं, पण कालव्यांची कामं, दुरुस्त्या आणि दुरुस्त्यांच्या दुरुस्त्या पुढं कित्येक वर्षं चालल्या, आणि त्यात आबांची निम्मी नोकरी गेली. खिशात रुमाल एखादे वेळी नसेल, पण टेप असतेच. दसऱ्याला देवघरात ओळंबा, थापी आणि पाण्याच्या लेव्हलची ती पारदर्शक नळी पूजेला लागते. काकू त्यावर निमूटपणे हळदकुंकू वाहतात. आबांची वाक्यं ठरलेली. कुठलंही बांधकाम दिसलं की "लोड कुठं जातोय?" काम झालेलं दिसलं की "पाणी मारलं का?" आणि समोरचा वैतागला की "मला काय, मी आपलं सांगून मोकळा." मोकळे मात्र ते कधी होत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिथंच उभे असतात, मागं हात बांधून.

गल्लीतली घरं आता बांधून झाली आहेत. वरचे मजलेही चढले. आबांना सांगायला काही उरलं नव्हतं. अशा कोरड्या दिवसांत पुण्याहून नातू उन्हाळ्याच्या सुट्टीला आला आणि त्यानं टॅबवर माइनक्राफ्ट उघडला.

"काय करायलास?"

"घर बांधायलोय, आबा."

बस. आबांनी चष्मा लावला, खुर्ची ओढली.

ज्यांच्या घरात आठ ते पंधरा वयाचं कुणी नाही त्यांच्यासाठी सांगतो. स्वीडनमधल्या मोजांग कंपनीचा हा खेळ २०११ साली रीतसर बाजारात आला. सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं. माती, दगड, लाकूड, पाणी, सगळं. एक ठोकळा म्हणजे एक घनमीटर. खणायचं, गोळा करायचं, रचायचं. मुलं त्यात राजवाडे बांधतात. आबांना मात्र पहिल्या पाच मिनिटांतच घाम फुटला, कारण नातवानं झाडाचा बुंधा तोडला आणि वरचं सगळं झाड हवेत जिथल्या तिथं राहिलं.

"अरे, हे पडत कामून नाही?"

"यात पडत नाही, आबा."

"पडत नाही म्हणजे?"

या 'म्हणजे'वर पुढची सगळी सुट्टी गेली. नातवानं नदीवर मातीचा पूल काढला. एका काठावरून निघाला तो खांब नाही, कमान नाही, तसाच लांबच लांब हवेत. आबा तो पूल बघताना खुर्चीचे हात घट्ट धरून बसले होते. त्यांनी पुलाच्या टोकापर्यंत बोट फिरवलं आणि विचारलंच, "लोड कुठं जातोय?" नातू म्हणाला, "कुठंच नाही." उभ्या नोकरीत आबांना इतकं प्रामाणिक उत्तर कुणी दिलं नव्हतं.

मग साहित्याची तपासणी सुरू झाली. या खेळात चार विटांचा एक ठोकळा होतो. घनमीटरला पाचशे विटा हा हिशोब आबांना झोपेतही येतो. "चार विटांत घनमीटर? बिल किती विटांचं काढतात?" मग खिसा. खेळणारा एका कप्प्यात चौसष्ट ठोकळे घेऊन पळतो, उड्या मारतो. आबांनी काळ्या दगडाचं वजन धरून वहीत गुणाकार केला: जवळपास १८० टन. "हायवाच्या दहाएक खेपा झाल्या रे! आणि हा पोरगा उड्या मारतोय."

काँक्रीटची गोष्ट तर गल्लीभर झाली. खेळातली पाककृती अशी: चार वाळू, चार खडी, एक रंग. सिमेंट नाहीच. आबांनी ती नातवाकडून तीनदा वदवून घेतली. सिमेंट, वाळू, खडीचं एकास दोन चार हे प्रमाण ज्या माणसानं मुंजीतल्या मंत्रासारखं जपलं, त्याला सिमेंटच्या जागी रंग घातलेला बघावा लागला. वर त्या भुकटीला पाण्याचा नुसता स्पर्श झाला की ती तत्क्षणी दगड. अठ्ठावीस दिवस नाहीत, गोणपाट नाही, सकाळ-संध्याकाळ पाणी मारणं नाही. आबा काही वेळ गप्प बसले. पण माणूस न्यायी. वहीत त्यांनी एक शेराही लिहिला: नऊ ठोकळे घातल्यावर आठच निघतात, हे मात्र बरोबर आहे, वाळू खडीच्या पोकळीत बसते, त्यामुळे घनफळ घटणारच. "हा हिशोब घालणारा माणूस साइटवर गेलेला असणार," आबा म्हणाले. त्या अनोळखी स्वीडिश माणसाबद्दल त्यांना एकदम आपुलकी वाटू लागली.

वाळू खाली पडते, हे कळल्यावरही ते खूश झाले होते. खेळात वाळू, खडी अशा मोजक्याच गोष्टींना वजन आहे. पण नातवानं त्याच वाळूचा एक ठोकळ्यावर एक ठोकळा असा मनोरा रचला आणि तो सरळ उभा राहिला. "वाळूचा ढीग असा उभा राहत नसतो! तीस-पस्तीस अंशांवर ओघळतो." आबा तडक समोरच्या घराच्या दुरुस्तीसाठी पडलेल्या वाळूच्या ढिगावर नातवाला घेऊन गेले आणि कंपासपेटीतला कोनमापक लावून दाखवला. समोरच्या काकूंना वाटलं, शाळेचा प्रकल्प असेल.

बसाल्टवरून मात्र ते खरोखर दुखावले. आपण सगळे ज्या काळ्या पाषाणावर राहतो तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थरावर थर पसरून झाला. खेळात लाव्हा आहे हे ऐकून आबा आशेनं पुढं सरकले. तर तिथं बसाल्ट व्हायला लाव्ह्याशेजारी लागतो निळा बर्फ! आणि आयता हवा असेल तर तो सापडतो पाताळात, आग आणि राक्षसांच्या मुलखात.

"म्हणजे मराठवाडा यांनी नरकात टाकला."

आतून काकूंचा आवाज आला, "मे महिन्यात बघून गेले असतील."

पाण्याच्या बाबतीत घरात उघड फूट पडली. खेळात दोन बाय दोनचा खड्डा करून समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन बादल्या ओतल्या की ते पाणी कधीच संपत नाही, कितीही उपसा. आबा म्हणाले, हे निसर्गनियमाविरुद्ध आहे, हे आधी बंद झालं पाहिजे. काकू हात पुसत बाहेर आल्या. या शहरात नळाच्या पाण्याला किती दिवसांचं अंतर पडतं आणि बाया पिंपांवर झाकणं कशी ठेवतात, हे त्यांनी थोडक्यात सांगितलं आणि म्हणाल्या, "खबरदार. एवढं एक त्यांनी बरोबर केलंय, त्याला हात लावायचा नाही." ती सूचना वहीतून खोडलेली मी स्वतः पाहिली आहे.

पण पाणी आपली पातळी धरत नाही, ही तक्रार कायम राहिली. खेळात नळी वाकवून पाणी एकीकडून सोडलं तर दुसरीकडं तेवढ्याच उंचीवर चढत नाही. लेव्हलच्या नळीची पूजा करणाऱ्या माणसाला हे कसं सोसावं? आबा नातवाला पाणचक्कीवर घेऊन गेले. मी होतोच. मलिक अंबरनं सतराव्या शतकात या शहराला नहरींचं पाणी दिलं, मागून इतरांनी त्यात भर घातली, आणि अठराव्या शतकात इथं डोंगराकडून मातीच्या नळांतून आणलेलं पाणी आपल्याच दाबानं उंच भिंतीवर चढवून खाली सोडलं आणि त्यावर पीठ दळलं. "पंप नाही, वीज नाही," आबा सांगत होते आणि आजूबाजूचे पर्यटक फुकटचा गाइड मिळाला म्हणून जवळ सरकत होते. नातवानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "हे माइनक्राफ्टमध्ये नाही होणार." आबांनी मान डोलावली. "तेच तर मी लिहून पाठवणारय."

त्याच फेरीत बीबी का मकबराही बघून झाला. नातवानं खेळात सगळीकडून पांढऱ्याशुभ्र दगडाचा महाल उभारला होता आणि आबांना ती उधळपट्टी वाटत होती. मकबऱ्यात त्यांनी त्याला बोट लावून दाखवलं: खाली साधारण कंबरेएवढा संगमरवर, वर काळा दगड आणि त्यावर गुळगुळीत गिलावा, मग घुमट पुन्हा संगमरवरी. बघणाऱ्याला सगळं पांढरंच दिसतं. मकबरा बांधणारे अताउल्ला आणि हंसपतराय, ही दोन नावं आबा खात्यातल्या वरिष्ठांची घ्यावीत तशी घेतात. खर्चाचा आकडा त्यांना पाठ आहे: ६ लाख ६८ हजार २०३ रुपये सात आणे. "सात आणे! बघ, याला म्हणतात हिशोब ठेवणं." ताजमहालाशी तुलना करून मकबऱ्याला नाकं मुरडणाऱ्यांचा मला नेहमी राग येतो, आबांनी तो राग एका अंदाजपत्रकाच्या वाक्यात मिटवला. "पैसा कमी होता, काम कमी नाही झालं."

वेरूळला मात्र आबांची पंचाईत झाली. कैलास लेणं म्हणजे आठव्या शतकात राष्ट्रकूटांनी डोंगराच्या माथ्यावरून खाली कोरत आणलेलं अखंड देऊळ. नातू वरच्या कड्यावरून खाली बघत म्हणाला, "आबा, हे तर पूर्ण माइनिंगच आहे. यांनी ठेवलं काहीच नाही, नुसतं काढलं." आबांनी तोंड उघडलं, मिटलं. लोड कुठं जातोय हा प्रश्न तिथं विचारता येत नव्हता. सगळं एकच दगड. परतताना त्यांना पुन्हा सूर सापडला, तो मातीमुळे. खेळात चिखल आणि गहू मिसळून घट्ट मातीचा ठोकळा होतो, हे नातवानं सांगितलं. "गहू? भुसा म्हण!" आणि मग वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडल्याचं २०१६ साली कसं प्रसिद्ध झालं, ते तंतू गिलाव्याला कसे धरून ठेवतात, हे दौलताबादचा घाट उतरेपर्यंत चाललं. भांग म्हणजे काय हा नातवाचा प्रश्न आबांनी काकूंकडे वळवला.

आता त्या पत्राविषयी. आबांनी ते खात्याच्या भाषेत लिहायला घेतलं आहे. 'प्रति, मा. व्यवस्थापकीय संचालक, मोजांग, स्टॉकहोम. विषय: आपल्या खेळातील बांधकाम साहित्य व भौतिकी यांमध्ये सुधारणा करणेबाबत. संदर्भ: नातवाने केलेले काम व अधोस्वाक्षरीकाराने केलेली प्रत्यक्ष पाहणी.' त्यात चुन्याची घाणी आहे, सुरखी आहे, मुरूम आहे. माळवदाचा ठोकळा आहे: खाली तुळया, वर लाकडांचा थर, त्यावर पांढरी माती, आणि पावसाळ्याआधी ती नव्यानं टाकली नाही तर गळती सुरू. पण पत्राचा जीव आहे काळ्या मातीत. आबांचं म्हणणं, या खेळात ढेकळासारखी ढेकळं आहेत पण काळी माती नाही, म्हणजे काहीच नाही. पावसात फुगते, उन्हात आकसते, मे महिन्यात अशा भेगा पडतात की हात जावा. तिच्यावर बांधलेली भिंत दुसऱ्या वर्षी कोपऱ्यातून तिरकी तडकते. कालव्यांची अस्तरं तिनं उखडून दिली आहेत. त्यावर आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टींनी न फुगणाऱ्या मातीचा थर मध्ये घालायचा उपाय काढला. तो परिशिष्ट 'अ' मध्ये आकृतीसह आहे. परिशिष्ट वाढत चाललंय, त्यामुळे पत्र अजून पोस्टात पडलेलं नाही.

नातवानं सगळं ऐकून शांतपणे विचारलं, "आबा, तडे, गळती, मोजून पाणी. मग हे आपल्या कॉलनीतच आहे की. खेळायचं कशाला?"

आबा म्हणाले, "उभं राहिलं तर मजा येईल ना, म्हणून."

नातू रंगात आला. मग भूकंपपण टाकू म्हणाला. एक बटण दाबलं की सगळं धाडकन! आबांनी वही मिटली. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर खात्यानं ज्यांना किल्लारीकडं पाठवलं त्यांत आबा होते. तिथल्या जाड जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या होत्या. दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारा आरपार दगड नव्हता, आणि डोक्यावर टनावारी मातीचं माळवद. "तो नको," एवढंच म्हणाले. "आरपार दगडाचा ठोकळा टाक त्यापेक्षा." आणि तोही लिहून घेतला.

सुट्टी संपता संपता नातवानं त्यांना त्यांचं स्वतंत्र जग काढून दिलं, बोटं कशी फिरवायची ते शिकवलं, आणि पुण्याला गेला. आबा रोज सकाळी पेपर झाल्यावर बसतात. या खेळात सरळ खाली खणू नये असा मुलांचा दंडक आहे, कारण कधी लाव्ह्यात पडाल सांगता येत नाही. आबांनी तो मोडला. पायासाठी खणायला लागले ते खणतच गेले. दोनदा लाव्ह्यात पडले, दोनदा पुन्हा जन्मले, आणि दोन्ही वेळा "खात्यात ही सोय नव्हती" म्हणाले. परवा सकाळी सकाळी माझ्या दारात टॅब घेऊन उभे. अगदी तळाला एक करडा-काळा थर लागला होता, कुदळीनं फुटतच नव्हता. खेळात त्याच्या खाली काही नाही.

"हार्ड स्ट्राटा!" आबांचा चेहरा उजळला होता. "बघा, मी म्हणत नव्हतो? खाली गेलं की लागतोच."

मी घर बघायला मागितलं. काकू मागून आल्या होत्या, त्यांनीच उत्तर दिलं. "घर कसलं? पायाच भरतायत. वर प्लिंथ, मग म्हणे पाणी मारणार."

"सात दिवस तरी," आबा म्हणाले.