नॉनस्टिक तव्याची बडदास्त : नंदुरबारकरांसाठी मार्गदर्शिका

नॉनस्टिक तवा घरी आणल्यावर प्रथम घरातल्यांना त्याची ओळख करून द्यावी. तो कामाला आलेला नाही, जावई म्हणून आलेला आहे. आजीनं ‘हाई काय शे व माय?’ असं विचारलं तर ‘तवा’ असं उत्तर चुकूनही देऊ नये. दिलं, की पुढच्या मिनिटाला त्यावर भाकरी पडते.

भाकरीचा विषय आधी मिटवू. दादरची असो वा कळण्याची, तिला कडक तापलेला कोरडा तवा लागतो. आणि कोरडा तवा कडक तापवणं हेच नॉनस्टिकच्या बाबतीतलं महापातक. त्याचं कवच टेफ्लॉनचं. 260 अंश सेल्सिअसपर्यंत ते शहाण्यासारखं वागतं, त्यापुढे बिघडायला लागतं आणि आणखी तापलं की विषारी धूर सोडतं. मोठ्या गॅसवर रिकामा तवा ही मजल काही मिनिटांत मारतो. त्या धुरानं माणसाला कणकण येते, पिंजऱ्यातला पोपट मात्र जीवानिशी जातो. म्हणून स्वयंपाकघरातल्या मिठूचं पुनर्वसन तव्याच्या आगमनाआधी करावं. धडगाव-अक्कलकुव्याकडे चुलीवर रांधणाऱ्यांनी हा परिच्छेद मनावर घेऊ नये. चुलीला ‘सिम’ नसतो, आणि तव्याचा दांडा तशा जाळात तव्याच्याही आधी जातो.

आता ठेचा. ज्या नंदुरबारात हंगामात पथाऱ्यांवर लाल मिरचीचे गालिचे वाळत पडलेले असतात, तिथं ‘ठेचा टाळा’ असं लिहिण्याचं धाडस आम्ही करणार नाही. फक्त पद्धतीकडे लक्ष वेधू. हिरव्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे तेलावर परतायचे आणि मीठ घालून त्याच तव्यात तांब्याच्या बुडानं रगडायचे, ही आपली रीत. नॉनस्टिकवर असं केल्यास मिरचीबरोबर कवचही रगडलं जातं. त्या भुग्याला चव नसते, तो पचत नाही, आला तसा निघून जातो. त्यामुळे जेवणाऱ्यांकडून तक्रार येण्याचा संभव नाही. तव्याकडून येईल.

या कवचाचा जन्मच अपघाती. 6 एप्रिल 1938 रोजी अमेरिकेत रॉय प्लंकेट हा रसायनशास्त्रज्ञ फ्रिजसाठी नवा वायू शोधत होता; नळकांड्यातून वायू येईना, कापून पाहिलं तर आत पांढरी पूड. आपल्याकडे नॉनस्टिकची भांडी रुजवली ती 1968 साली औरंगाबादेत सुरू झालेल्या ‘निर्लेप’नं, म्हणून अजूनही तवा कुठल्याही कंपनीचा असो, दुकानात ‘एक निर्लेप द्या’ म्हणूनच मागतात. आता ज्याला काहीच चिकटत नाही ते स्वतः अ‍ॅल्युमिनियमला कसं चिकटतं? आधी पत्रा खरबरीत करतात, मग त्यावर थर फवारून भट्टीत भाजतात. म्हणजे ते चिकटलेलं नसतं, खाचांमध्ये पाय रोवून उभं असतं. उलथण्याचं टोक लागलं की पाय सुटतो. सबब उलथणं लाकडी हवं.

घासण्याचं खातं स्वतःकडे ठेवावं. तवा लख्ख झाल्याशिवाय तो घासला गेला असं न मानणाऱ्या मावशी राख आणि तारेची घासणी घेऊन बसल्या, की काळा तवा पांढरा होऊनच परत येतो, आणि वर ‘किती मळला होता!’ हेही ऐकावं लागतं. तवा आधी निवू द्यावा, तापलेल्यावर पाणी ओतलं तर बूड वाकतं. मग मऊ स्पंज, थोडा साबण, झालं. मांडणीत त्याच्यावर पितळी पातेलं आदळू नये, मध्ये फडकं घालावं.

खापरावरची पुरणपोळी यावर करू पाहणाऱ्यांना सल्ला नाही, सहानुभूती आहे. पोळी तव्याबाहेर चारी बाजूंनी लोंबेल. याउलट धिरडी, घावन, आमलेट मंद आचेवर खुशाल करा. त्यात हा तवा खरंच गुणी आहे.

एवढी बडदास्त ठेवूनही एक दिवस कवच सुटू लागतंच. अशा वेळी तवा टाकून द्यायचा असतो. आपल्याकडे तो ‘बिबडे भाजायला होईल’ म्हणून ठेवतात, आणि बिबडे भाजायचे म्हणजे पुन्हा रिकामा तवा, पुन्हा मोठी आच. तेव्हा हात जोडून विनंती : भंगारवाला दारावर आला की त्याला हाक मारा आणि तवा देऊन टाका.